पिल्लाचं ट्रेनिंग कधी सुरू करायचं? खरंच ६ महिने थांबायचं का?

गाऊनवाली_मनू:
मागच्या रविवारी आमच्याकडे लॅबचं (लॅब्रॅडॉर कुत्र्याचं) पिल्लू आलंय. नाव बटाटा (मुलीने ठेवलंय, माझा संबंध नाही). देणाऱ्याने ४५ दिवसांचं म्हणून दिलं. पहिली लस आणि जंतांचं औषध झालंय, पुढची लस तीन आठवड्यांनी. सासरे म्हणतात ६ महिन्यांचा होईपर्यंत काही शिकवायचं नसतं, गावी त्यांचा अल्सेशियन होता त्याला शिकवायला माणूस यायचा आणि तो ६ महिन्यांनंतरच यायला लागला होता. इथल्या एका ट्रेनरला फोन केला तर तो म्हणाला लसी पूर्ण होऊ देत, ४ महिन्यांनी बघू. अहो पण तोवर हा माझे घोटे शिल्लक ठेवणार नाही! काल गाऊनच्या काठाला लोंबकळत किचनपासून हॉलपर्यंत आला, ओरडले तर त्याला वाटलं मी खेळतेय, अजून जोरात. सुसू कुठेही. म्हणजे आत्ता नुसतं बघत बसायचं का?

तीनपायी_टेबल:
मनूताई, सासऱ्यांचं त्यांच्या काळापुरतं बरोबर आहे. तेव्हा ट्रेनिंग म्हणजे गळ्यात चोक चेन आणि चुकलं की हिसका, आणि एवढ्याशा पिल्लाची मान ते सहन करणार नाही म्हणून मोठं होईपर्यंत थांबायचे. आता खाऊ देऊन शिकवतात, त्याला कशाला थांबायचं. आणि खरं सांगायचं तर ट्रेनिंग रविवारीच सुरू झालंय, तुम्ही ओरडलात आणि तो शिकला की गाऊन ओढला की मजा येते :)

सिट-स्टे वगैरे दोन महिने उशिरा शिकला तरी काही बिघडत नाही. थांबत नाही ती दुसरी गोष्ट. साधारण ३ ते १४ आठवडे या वयात पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला नॉर्मल वाटतं, नंतर नव्या गोष्टीची आधी भीतीच वाटते. बटाटा आत्ता साडेसात आठवड्यांचा, म्हणजे ४ महिने थांबलात तर हा काळ निघून गेला. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या व्हेट लोकांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की ७-८ आठवड्यांपासून पपी क्लास चालतो, फक्त पहिली लस आणि जंतांचं औषध निदान ७ दिवस आधी झालेलं हवं.

पण म्हणून खाली नेऊन सोसायटीच्या लॉनवर सोडू नका हं. पार्व्हो (आपल्याकडे सगळे गॅस्ट्रो म्हणतात तो) मातीत महिनोन् महिने टिकतो. कडेवर घ्या आणि गेटपाशी दहा मिनिटं उभ्या राहा, एवढंच. घंटागाडी, हेल्मेटवाला, छत्री, काठी टेकत जाणारे आजोबा, स्कूलबसचा हॉर्न, सगळं लांबून दाखवायचं आणि प्रत्येक वेळी चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. घाबरून अंग आकसलं तर आणखी लांब जायचं, जवळ नेऊन 'काही नाही रे' करायचं नाही. फटाक्यांचंही आत्ताच करा, मोबाईलवर अगदी बारीक आवाजात लावून समोर जेवण ठेवायचं, दिवाळीत उपकार मानाल.

बसायला शिकवायचं तर तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा, नाक वर जातं तसं बूड आपोआप खाली टेकतं, टेकलं की लगेच द्यायचा. फार उंच धरलात तर उडी मारेल. जेवणाआधी दोन मिनिटं, बास.

कानखाज्या:
४५ दिवस वाचूनच डोकं फिरलं. कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही आणि तरी सगळीकडे '४५ दिवसांचं' हेच ऐकायला मिळतं. तोटा काय, तर किती जोरात चावलं की लागतं हे पिल्लू भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं, जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ बंद. याचा तो वर्ग अर्धवट सुटलाय, तो आता तुम्हाला घ्यायचाय. दात लागला की झाड व्हायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. तरी सोडलं नाही तर खोलीबाहेर जाऊन अर्धा मिनिट दार बंद. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, एकाने जरी हात घालून मस्ती केली तर वाया. दुधाचे दात ४ महिन्यांच्या आसपास पडायला लागतात, तेव्हा पुन्हा चावाचावी वाढेल. जुना नॅपकिन ओला करून पीळ देऊन फ्रीजरमध्ये ठेवा आणि तो चघळायला द्या, समोर बसून, नाहीतर धागे गिळतो.

आणि गाऊन महिनाभर कपाटात. हलणारा काठ म्हणजे त्याला आमंत्रणच.

मिक्सरला_घाबरणारी:
सुसूचं: झोपून उठला की, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, लगेच उचलून ठरलेल्या जागी न्या. एरवी दिवसा दर तासाला. जमिनीत नाक घासायचं नाही, त्याने तो फक्त सोफ्यामागे जाऊन करायला शिकतो.

दुसरं म्हणजे शब्द ठरवा. आमची गौरी (इंडी म्हणजे देशी कुत्री, सोसायटीच्या पार्किंगमधली) आज्जीकडून 'बस गं' शिकली, मुलगा म्हणायचा सिट, नवरा 'सिट सिट सिट', त्यामुळे त्याच्यासमोर ती तिसऱ्या सिटला बसते. कहर म्हणजे पाहुणे जेवायला आले, मी भात वाढतेय, ते 'बस, बस' म्हणतायत आणि ही प्रत्येक वेळी टेबलाखाली बसून माझ्याकडे बघतेय, बक्षीस कुठाय.

नाशिक_पश्चिम:
सगळं पटलं पण एक सांगतो, अति करू नका. मी पहिल्या पिल्लाला दिवसभर काही ना काही शिकवत होतो आणि संध्याकाळी तो वेड्यासारखा चावायचा. मला वाटायचं एनर्जी जास्त आहे, अजून खेळवायचो. व्हेट म्हणाले याची झोप होत नाहीये, या वयात १८-२० तास झोपतात. दुपारी शांत खोलीत ठेवायला लागलो आणि निम्मं चावणं गेलं. आणि 'ये' म्हणून बोलावून कधी रागवू नका किंवा आंघोळीला नेऊ नका, माझा अजूनही 'ये' म्हटलं की उलटा पळतो.

गाऊनवाली_मनू:
सगळ्यांचे आभार! काल गेटवर उभी राहिले, घंटागाडीला शेपूट हलवली पण वॉचमनच्या शिट्टीला घाबरला, तर उद्या पार्किंगच्या पलीकडून. 'बस' आमच्याकडे बाद, सासरे तिसऱ्या पोळीपासून तेच म्हणत असतात. मुलीने 'टेक' ठरवलंय. पाचव्या तुकड्याला टेकला. झोपेचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं, इथे दुपारी मुलं शाळेतून आली की त्याला उठवतातच.