रूथचे प्रश्न (आमचा फॅमिली ग्रुप)

रूथ: आत्या, काका, संडे स्कूलमध्ये त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ सांगितलं. मग देव एका वेळी एकच रूप घेतो का? तसं असेल तर येशू प्रार्थना कोणाला करत होता?

आत्या: अगदी नेमकं पकडलंस, बाळा! ते उदाहरण इथेच तुटतं. बायबलमधलं मत्तय 3:16-17 काढ. पुत्र म्हणजे येशू पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी ऐकू येतेय. तिघंही एकाच वेळी. एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो, हे मत सबेल्लियस नावाच्या जुन्या धर्मशिक्षकाच्या नावाने ओळखलं जातं आणि मंडळीने (चर्चने) ते पूर्वीच नाकारलंय.

काका: ताई, दुसरी चूकही सांग, नाहीतर पोरगी तीन देव धरून बसेल. अनुवाद 6:4 म्हणतं, परमेश्वर एकच. रूथ, एरियस नावाच्या धर्मगुरूने यातून वेगळी वाट काढली: पुत्र हा निर्माण केलेला. 325 साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ते फेटाळलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. पवित्र आत्म्याबद्दलचा मतांगिकारातला (चर्चच्या विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीतला) भाग 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वाढला. देव ‘काय’ आहे विचारलंस तर उत्तर एक, ‘कोण’ विचारलंस तर तीन. अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूने केलेली प्रार्थना म्हणजे पुत्र पित्याशी बोलतोय. स्वतःशी नव्हे.

रूथ: ओके. आणि येशूच्या कबरीपाशी नक्की कोण गेलं? चारही शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक, योहान) नावं वेगळी आहेत.

आत्या: वहीत चार रकाने आख. मार्क 16:1 मध्ये तिघी, मत्तय 28:1 मध्ये दोघी, लूक 24:10 मध्ये योहान्नाही आहे, योहान 20:1 मध्ये एकटी मग्दालीया मरीया. पण योहान 20:2 नीट वाच, ती ‘आम्हांला’ ठाऊक नाही म्हणते! म्हणजे एकीचंच नाव दिलं म्हणून ती एकटीच होती असं होत नाही. तरी चौघांचं एकच मिश्रण करू नकोस, प्रत्येकाचा रोख हरवतो.

काका: मार्कच्या शेवटी, पुन्हा उठलेला येशू लोकांना दिसतो त्या 16:9-20 ओळींवर तळटीप असेल, ती वगळू नकोस. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत त्या ओळी नाहीत. हे लहानपणीच कळलेलं बरं. नंतर कोणी दाखवलं की उगाच फसवल्यासारखं वाटतं. आणि पुनरुत्थानाची साक्ष त्या ओळींवर उभी नाही. 1 करिंथ 15:3-8 बघ, पौलाचं ते पत्र साधारण सन 55 च्या सुमाराचं, बहुतेक अभ्यासकांच्या मते चारही शुभवर्तमानांच्या आधीचं.

रूथ: शेवटचा. चांगल्या माणसांना त्रास का होतो? पाप केलं म्हणून, असं एकाने सांगितलं.

आत्या: ते उत्तर येशूनेच नाकारलंय. योहान 9:3, जन्मांध माणसाबद्दल. लूक 13:4 मध्येही, शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते असं तो म्हणतो. ‘का’ याचं पूर्ण उत्तर मात्र तो तिथे देत नाही. दुःखात असलेल्या माणसाला आपणही ते बनवून देऊ नये.

काका: बायबलमधलं ईयोब, म्हणजे निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या माणसाचं पुस्तक, वाच, पण 42 अध्याय एका दमात नको, मधल्या भाषणांत अडकशील. आधी 1 ते 3, मग 38 ते 42. 42:7 खाली रेघ ओढ: देव रागावतो तो स्पष्टीकरणं देणाऱ्या मित्रांवर. ईयोबाने तर किती कडक प्रश्न विचारले होते. ते झालं की 4 ते 14 घे, मित्र नेमकं काय म्हणाले ते तिथे सापडेल.