मदत हवी आहे: जुन्या जीपचे स्टिअरिंग दांड्यावरून निघत नाही

मुलुंडकर: नमस्कार. आमच्या जीपचे स्टिअरिंग बदलायचे आहे. मधला नट काढून दोन दिवस झाले, तरी ते दांड्यावरून तसूभरही हललेले नाही. नवे स्टिअरिंग ऑपेरा हाउसच्या बाजारातून आणून ठेवले आहे आणि रविवारी माळशेजला जायचे ठरले आहे, त्यामुळे ‘गॅरेजला न्या’ एवढाच सल्ला असेल तर कृपया देऊ नये. जुने कसे काढायचे, तेवढेच सांगावे.

डोंगरवाट: यात अवघड काहीच नाही. मी माझ्या जिप्सीचे घरीच बदलले. नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे अडकवून ठेवावा, गुडघे स्टिअरिंगच्या खालून टेकवावेत आणि डावीकडून-उजवीकडून आळीपाळीने वर रेटावे. पाच मिनिटांत सुटते. नट ठेवायला विसरू नये, नाहीतर ते सुटताना थेट तोंडावर येते.

जुनेखोड: जिप्सीची गोष्ट जीपला लावू नये. मुलुंडकर, गाडी कोणती, कोणत्या सालची आणि स्टिअरिंग मूळचे आहे की नंतर बसवलेले, हे सांगितल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात पाना फिरवणे आहे. बॉनेट पुढच्या जाळीपेक्षा बरेच उंच दिसते का?

मुलुंडकर: हो, उंच आहे. वडिलांनी घेतली तेव्हापासून तशीच आहे, पेट्रोलवर चालते. सालाचा इथे काय संबंध?

जुनेखोड: मग ती सीजे-३बी. विलीज या अमेरिकन जीप कंपनीने १९५३ मध्ये तिच्यात हरिकेन इंजिन बसवले. त्याचे इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारे) व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट उचलावे लागले. तोच नमुना पुढे महिंद्राने आपल्याकडे अनेक वर्षे बनवला. संबंध असा, की या गाडीच्या स्टिअरिंगला पुलरचे, म्हणजे ते ओढून काढायच्या अवजाराचे, बोल्ट बसवायला भोके नसतात. मागून पकडणारा, दोन नख्यांचा पुलर लागतो. तो कुर्ल्याला सीएसटी रोडवर कोणत्याही स्पेअरवाल्याकडे मिळेल. आदल्या रात्री, स्टिअरिंग ज्यांवर घट्ट बसते त्या दांड्याच्या दात्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे, पुलरचा स्क्रू ताणून धरावा आणि स्क्रूच्या डोक्यावर हलकी टिचकी मारावी. त्याआधी पुढची चाके सरळ करून दांड्यावर आणि स्टिअरिंगवर छिन्नीने एक सलग खूण करावी.

काटकोन: मुळात बदलता कशाला? तडे गेले असतील तर ते हॅक्सॉच्या पात्याने इंग्रजी व्हीसारखे रुंद करावेत, आतल्या लोखंडी कडीचा गंज खरवडावा, एपॉक्सी भरून पॉलिश पेपर मारावा आणि काळा रंग द्यावा. माझे स्टिअरिंग अकरा वर्षे टिकले आहे. नवे किती इंचांचे आणले?

मुलुंडकर: चौदा. दिसायला छान आहे.

डोंगरवाट: उत्तम निवड. गुडघ्याला जागा मिळते.

काटकोन: गुडघ्याला जागा मिळेल आणि खांद्याची वाट लागेल. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. मूळचे सतरा इंचांहून मोठे दिले ते शोभेसाठी नव्हे. व्यास कमी झाला की तेवढेच चाक वळवायला जास्त जोर लावावा लागतो. मुलुंडच्या पार्किंगमध्ये गाडी एकदा मागे घ्या, म्हणजे कळेल.

घाटमाथा: गाडी पन्नास वर्षांची असेल तर २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणी करून घ्यावी, ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो.

काटकोन: त्यांना स्टिअरिंग काढायचे आहे, नंबरप्लेट नाही. शिवाय तशी नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापराला चालत नाही, मग माळशेजला कशी नेणार?

मुलुंडकर: पुलर आणला. एक गोष्ट सांगायची राहिली होती. पहिल्या दिवशी दांड्याच्या टोकावर मी हातोडीचे दहा-बारा घाव घातले होते. आता स्टिअरिंग धरून वर ओढले की दांड्यासकट थोडे वर येते आणि सोडले की खाली टेकते. हे त्या घावांमुळेच झाले आहे का? आणि हॉर्नची तार मी कापली आहे. बटण उचकटताच ती लोखंडाला लागली आणि रात्री साडेअकराला भोंगा थांबेना. सगळी सोसायटी गॅलरीत आली होती.

जुनेखोड: हे आधी सांगायला हवे होते! हॉर्नच्या तारेत करंट कायमच असतो. बटण फक्त तिला अर्थिंग देते, म्हणजे बॉडीशी जोडते, म्हणून ती बॉडीला लागताच भोंगा वाजला. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. कापलेले टोक पोकळ दांड्यात खाली पडले असेल तर नवी तार ओवावी लागेल.

आता मुख्य मुद्दा. तो दांडा आणि खालच्या रॉस बॉक्समधला (स्टिअरिंगच्या गिअरपेटीतला) मळसूत्री भाग एकसंध आहे, त्यामुळे वरचा प्रत्येक घाव थेट खालच्या बेअरिंगच्या वाटीवर बसला. वर-खाली हालचाल मुळीच असता कामा नये. बाजूचा ॲडजस्टिंग स्क्रू सैल करा, वरचे झाकण उघडा, त्याखालच्या शिमांपैकी (पातळ चकत्यांपैकी) एक काढून पाहा. तरीही खटखट राहिली किंवा फिरवताना खरखर लागली, तर वाटी गेलेली आहे, आणि तशी गाडी घाटात नेऊ नये.

मुलुंडकर: शनिवारी रात्रीचे लिहितो. पुलर ताणून चहा प्यायला गेलो होतो, तेवढ्यात पार्किंगमधून बंदुकीसारखा आवाज आला. स्टिअरिंग आपणहून सुटले होते. नट ठेवला होता म्हणून ते जागेवर राहिले, त्याबद्दल डोंगरवाट यांचे आभार. एक शिम काढल्यावर वर-खाली हालचाल थांबली, पण एका ठिकाणी खरखर लागते. माळशेज रद्द केले. जुने स्टिअरिंग हातात घेतल्यावर नव्याचा मोह उतरला आहे. काटकोन, एपॉक्सी वाळायला किती वेळ देता?

काटकोन: पाकिटावर काहीही लिहिलेले असो, पावसाळ्यात दोन पूर्ण दिवस.

डोंगरवाट: मग ते चौदा इंची विकणार का? माझ्या जिप्सीसाठी घेतो.