७८च्या तबकड्या, कॅसेटी, एमपी३ : एकत्र कसं लावायचं?

खुंटी: नाट्यसंगीताच्या लाखेच्या ४० तबकड्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या), शंभरेक कॅसेटी, वर एमपी३चा ढीग. सगळं एका हार्ड डिस्कवर आणायचंय. तबकड्या स्पिरिटने पुसू का?

सुईवाला: अजिबात नको! लाख विरघळते, तबकडी कायमची जाते. डिस्टिल्ड पाणी, लिक्विड सोपचे दोन थेंब, मऊ ब्रश. लेबल कोरडं ठेवा. एलपीची (विनाइल तबकडीची) सुईही नको. ७८ची खाच रुंद, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. बारीक सुई तळाशी घासते नि खरखर वाढते.

रिवाइंड: कॅसेटचा आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा (हेड म्हणजे टेप वाचणारा भाग) अझिमथचा, म्हणजे हेडचा टेपशी कोन जुळवणारा, स्क्रू किंचित फिरवा, खणखणीत झाला की थांबा. कॅसेटमधली फेल्टची गादी गळली असेल तर टेप हेडला नीट टेकतच नाही. रेकॉर्डिंग २४ बिट, फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार). साफसफाई प्रतीवर करा, मूळ फाइलला हात नको. एमपी३चं फ्लॅक करण्यात अर्थ नाही, फाइल फुगते फक्त.

मात्रा१६: खरा घोळ नावांचा. 'भीमपलास' आणि 'भीमपलासी' शोधताना वेगळे पडतात. आधी एकच शुद्धलेखन ठरवा. राग, गायक, नाटक यांचे वेगळे टॅग. तबकडीचा मॅट्रिक्स नंबर (लेबलाजवळ कोरलेला ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) लिहाच. एकाच पदाची दोन ध्वनिमुद्रणं त्यावरून ओळखता येतात.