पुणे ते बदामी-हंपी, गाडीत मी एकटीच: रस्ता, मुक्काम, सुरक्षा याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये पुण्याहून बदामी आणि पुढे हंपी असं जायचं ठरवलंय, स्वतःची गाडी घेऊन, आणि गाडीत मी एकटीच असणार आहे. वय ४७, गाडी वॅगनआर, पेट्रोलची. ड्रायव्हिंग बरीच वर्षं करतेय, पुणे-मुंबई, पुणे-कोल्हापूर एकटीने जाऊन आलेय त्यामुळे हायवेची भीती नाही, पण राज्याबाहेर आणि वाटेत मुक्काम करत एकटीने पहिल्यांदाच चाललेय म्हणून इथे विचारतेय.

बदामी का, तर बनशंकरी आमची कुलदेवता. लग्नानंतर सगळ्या घरच्यांबरोबर गेले होते, जीप गच्च भरलेली, दर्शन, ओटी, जेवण आणि लगेच परत. लेणी लांबून दिसली तेवढीच. पट्टदकल तिथून जेमतेम २०-२२ किलोमीटर आहे आणि तिथलं विरूपाक्षाचं देऊळ लोकमहादेवी नावाच्या राणीने बांधून घेतलंय, शेजारचं मल्लिकार्जुनाचं तिच्याच बहिणीने, जी त्याच राजाची दुसरी राणी, हे मी नंतर वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय की इथे आपल्या वेळाने यायचं. एका खांबापाशी अर्धा तास उभं राहावंसं वाटलं तर राहायचं, चला चला करणारं कोणी नको. नवऱ्याला डिसेंबरात सुट्टी मिळत नाही, मुलगी हॉस्टेलला, मैत्रिणींचं जमेल जमेल म्हणता म्हणता वर्षं गेली. आता कोणासाठी अडून राहायचं नाही.

प्लॅन असा आहे. पहिल्या दिवशी सोलापूरमार्गे विजयपूर, म्हणजे साधारण ३५० किलोमीटर, संध्याकाळी गोलघुमट आणि तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी कोल्हारचा कृष्णेवरचा पूल ओलांडून बागलकोट आणि बदामी, तिथे दोन रात्री. मग पट्टदकल, ऐहोळे बघत हंपी, तिथे तीन रात्री. परत येताना हुबळी, बेळगाव, कोल्हापूर.

आता शंका. घरचे म्हणतायत पहाटे चारला निघ म्हणजे ट्रॅफिक लागणार नाही, हे बरोबर आहे का? बदामीहून हंपीला मॅप गजेंद्रगडवरून छोटा रस्ता दाखवतोय, तो एकटीने घ्यावा का? मुक्कामाला लॉज बघू, होमस्टे बघू की सरकारी हॉटेल, कारण मागे एका लॉजवर (आपल्याकडचंच, नाव लिहीत नाही) एकटी बाई बघून रूम नाही म्हणून सांगितलं होतं आणि माझ्यादेखत नंतर आलेल्या फॅमिलीला दिली, ते संध्याकाळी सातला परक्या गावात पुन्हा नकोय. टायर पंक्चर झाला तर? स्टेपनी बदलायला शिकलेय पण नट फार घट्ट असले तर माझ्याच्याने निघत नाहीत. आणि बाथरूमचं काय करता तुम्ही लोक, हे बायकांनीच सांगा, तारखांचा हिशोब बघता पाळीही नेमकी हंपीत येणार असं दिसतंय.

शेवटचं आणि सगळ्यात मोठं, मार्च २०२५ मध्ये हंपीजवळ सानापूरला रात्री कालव्याकाठी बसलेल्या पर्यटकांवर जो हल्ला झाला, एका परदेशी मुलीवर आणि होमस्टे चालवणाऱ्या बाईवर बलात्कार, एकाचा जीव गेला, त्या बातमीनंतर माझा भाऊ हंपीचं नाव काढू देत नाहीये. मलाही ती बातमी वाचून झोप लागली नव्हती, खोटं कशाला बोलू. तिथली आत्ताची परिस्थिती माहीत असलेल्यांनी लिहा प्लीज.

एक कळकळीची विनंती, कोणाला तरी बरोबर घेऊन जा एवढाच सल्ला असेल तर तो घरी मिळालाय.

प्रतिसाद (सोलापूरहून):

ताई, पहाटे चारला अजिबात निघू नका. नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे उसाचा सीझन असतो, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ सगळा पट्टा कारखान्यांचा आहे. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि टेपचा आवाज एवढा मोठा की तुम्ही हॉर्न वाजवलेला त्याला ऐकूच जात नाही. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा तुम्ही तिच्या अगदी जवळ पोचलेल्या असता. त्यात भिगवणला उजनीचं पाणी जवळ असल्यामुळे थंडीत पहाटे धुकं असतं. साडेसहाला निघा, पुण्यातून बाहेर पडेपर्यंत उजाडतं, हडपसरला थोडी गर्दी लागेल तेवढी सोसा. दुपारी एकपर्यंत सोलापूर, जेवून निघालात की विजयपूर १०० किलोमीटर, चारपदरी रस्ता आहे, चारच्या आत पोचता. बागलकोट बाजूलाही साखर कारखाने खूप आहेत, तिकडेही हेच लक्षात ठेवा, दिवस मावळायच्या आत गाडी पार्क झालेली पाहिजे. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो.

प्रतिसाद (मिरजेहून, मीही एकटीच गेले होते):

आधी मनापासून अभिनंदन, जाच. मुक्कामाचं सांगते. कर्नाटक पर्यटन महामंडळाची मयूरा नावाची हॉटेल्स आहेत, विजयपूरला मयूरा आदिल शाही, बदामीला मयूरा चालुक्य, हंपीजवळ कमलापूरला मयूरा भुवनेश्वरी. फार चकचकीत काही अपेक्षा ठेवू नका, पण कंपाउंडच्या आत पार्किंग आहे आणि मला कुठेही एकट्याच का, मिस्टर कुठे आहेत असं विचारलं नाही, त्याचं मोल मला तेव्हा फार वाटलं. तीनही ठिकाणी आधी ऑनलाइन बुकिंग करा आणि आदल्या दिवशी फोन करून मी एकटी बाई येतेय, एवढ्या वाजता पोचेन हे स्पष्ट सांगून ठेवा. रूम देणार नसतील तर ते फोनवरच कळू दे, दारात नको. रूम पहिल्या मजल्यावर मागा, आतली कडी नीट लागते का ते सामान उतरवायच्या आधी बघा.

बाथरूमचं, पेट्रोल पंप हाच आधार. पंपावर टॉयलेट असणं बंधनकारक आहे, किल्ली ऑफिसात असते ती हक्काने मागायची. मी नियम असा केला होता की लागलेली असो नसो, मोठा पंप दिसला आणि दोन तास होत आले असतील तर थांबायचं. पाणी कमी पिऊ नका हो, डोकं दुखायला लागतं आणि मग लक्ष उडतं. गाडीत टिश्यू, साबण, पाण्याची जादा बाटली, काळ्या पिशव्या आणि उभ्याने वापरायचं ते प्लॅस्टिकचं फनेल ठेवा, घरी एकदा वापरून बघा. पॅड पुण्यातूनच न्या, आणि हंपीत दोन ठिकाणांच्या मध्ये बरंच अंतर असतं त्यामुळे पाळीच्या दिवशी कमलापूरचं म्युझियम आणि लोटस महाल असं जवळचं ठेवा, दुपारी रूमवर येऊन पडता येतं.

आता हंपी. तुमच्या भावाची काळजी मला समजते. ती घटना नदीपलीकडची, सानापूरच्या बाजूची, वेळ रात्रीची, जागा निर्जन. तुम्ही राहणार अलीकडे कमलापूरला. मी दिवसभर विठ्ठल मंदिर, हजारराम, राणीचं स्नानगृह सगळीकडे एकटी फिरले, शाळांच्या सहली असतात, गार्ड असतात. पण मातंग टेकडीवर सूर्योदयाला एकटीने चढू नका, वाटेत अंधार आणि आडोसे आहेत, तिथे सरकारमान्य गाइड घेऊन किंवा हॉटेलमधल्या एखाद्या कुटुंबाबरोबर जा. आणि सूर्यास्त झाला की हंपीतून निघायचं, मग तो कितीही सुंदर असला तरी. मला हे नियम पाळताना रागही आला होता, पुरुष तिथे निवांत बसून राहतात आणि आपण घड्याळ बघायचं, पण मी पाळले.

बदामीला लेण्यांपाशी माकडं हातातली पिशवी ओढतात, खायचं काही हातात धरू नका. तिसऱ्या लेण्यात जास्तीत जास्त वेळ घालवा, तिथे इ.स. ५७८ चा शिलालेख आहे. सकाळचं ऊन आत येत नाही, दुपारनंतर जा.

प्रतिसाद (गॅरेजवाला, पुणे):

तुमचे टायर ट्यूबलेस असतील, नसतील तर आधी ते करून घ्या. खिळा दिसला तर उपटायचा नाही, तो आत राहू दे, हवा हळूहळू जाते. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवा भरायचा पंप मिळतो तो घ्या, हवा भरायची आणि चाळीसच्या स्पीडने पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, निर्जन जागी खाली उतरून जॅक लावत बसायची वेळ बहुतेक येतच नाही. नट घट्ट असतात कारण टायरवाले मशीनने आवळतात. निघायच्या आधी एकदा चारही चाकांचे नट सैल करून हाताच्या पान्याने आवळून द्या म्हणून सांगा, आणि लांब दांड्याचा पाना घ्या, त्याच्यावर पाय देऊन जोर लावला की निघतात. स्टेपनीची हवा आठवणीने चेक करा, ती कोणीच बघत नाही. कोणी शेजारून गाडी चालवत तुमच्या चाकाकडे बोट दाखवत थांबा थांबा करत असेल तर थांबायचं नाही, स्टिअरिंग ओढत नसेल तर सरळ पुढच्या पंपावर किंवा टोलनाक्यावर जाऊन बघायचं. नॅशनल हायवेवर १०३३ ला फोन केला की मदत येते, बाकी ११२ कर्नाटकातही चालतो.

प्रतिसाद (बेळगावहून):

गजेंद्रगडचा रस्ता घेऊ नका, अंतर कमी आहे पण वस्ती विरळ. तुम्ही पट्टदकल, ऐहोळे करणारच आहात तर तिथून अमीनगडला या, पुढे हुनगुंदला चारपदरी हायवे लागतो तो इलकल, कुष्टगीवरून थेट हंपीजवळच्या होस्पेटला जातो. टाकी बदामीतच भरून घ्या. अमीनगडचं करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घ्यायला विसरू नका, आणि इलकलला विणकरांच्या घरी माग बघायला मिळतो, साडी तिथूनच घ्या. भाषेची काळजी नको, विजयपूर-बागलकोटला हिंदी चालते, म्हाताऱ्या माणसांना मराठीही कळते. खानावळीत ज्वारीची कडक भाकरी, एणगाई (भरली वांगी) आणि शेंगाचटणी मिळते, बायका-पोरं जेवत असतात, एकटीला अवघड वाटणार नाही.

एक विचारू का, तारीख पुढे ढकलून जानेवारी करणार नाही ना? पौष पौर्णिमेला बनशंकरीची जत्रा सुरू होते, आठवडेच्या आठवडे चालते, लॉज मिळत नाही आणि रस्त्यावर बैलगाड्या आणि माणसं एवढी की गाडी हलत नाही.

धागाकर्ती:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. उसाच्या ट्रॉल्यांचं घरी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, साडेसहा नक्की. रस्ता अमीनगडवरून. मयूराला तिन्हीकडे फोन केले, विजयपूर आणि बदामी बुक झालं, कमलापूरला तीनपैकी दोनच रात्री मिळाल्या. मिरजेच्या ताई, मातंग टेकडी सोडून देते, आणि तुमचा राग अगदी माझाच आहे. भावाला हा सगळा धागा वाचायला दिला. तो अजून नाहीच म्हणतोय, पण काल स्वतःहून हवा भरायचा पंप आणून दिला आणि रोज संध्याकाळी पोचल्यावर फोन कर एवढं कबूल करून घेतलं. लाइव्ह लोकेशन त्याला आणि नवऱ्याला दोघांना देणार आहे.

तारीख डिसेंबरचीच आहे, जत्रेच्या आधी परत येते.

आता दोनच गोष्टी राहिल्या. कमलापूरची तिसरी रात्र होस्पेट गावात काढावी लागेल, तर स्टेशनजवळ राहू की हायवेच्या बाजूला, कुठे बरं पडेल? आणि परतीला होस्पेटहून हुबळी, बेळगाव करत एका दिवसात कोल्हापूर गाठणं मला जास्त वाटतंय, त्यात कोल्हापूरपासून पुढे रुंदीकरणाची कामं आणि डायव्हर्जन आहेत असं ऐकतेय. बेळगावला एक रात्र थांबले तर तिथे शहरात गाडी आत लावता येईल असं, एकट्या बाईला चालणारं ठिकाण कोणी सुचवाल का?