मदत हवी आहे: ६०० जीबी रिकामी, तरी ११ जीबीची फाइल जात नाही

नमस्कार मंडळी,

परवा आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. व्हिडिओवाल्याने अख्ख्या कार्यक्रमाची एकच फाइल पेन ड्राइव्हमध्ये दिली, ११.४ जीबीची. ती माझ्या १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकायला गेलो तर कॉपी सुरूच होत नाही. फाइल या फाइल सिस्टिमसाठी फार मोठी आहे म्हणे! बाकी फोटो, मोबाइलचे व्हिडिओ गपगुमान जातात.

दोन वर्षांपूर्वी नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून डिस्क फॉरमॅट करून आणली होती, जुन्या टीव्हीवर चालावी म्हणून. तिथे फोन केला तर, "डिस्क खराब होऊन राहिली असन, नवी घ्या." प्रॉपर्टीजमध्ये फॅट३२ लिहिलंय.

आतले ३०० जीबी फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत. आजीला व्हिडिओ महाल भागातल्या घरी टीव्हीवरच बघायचा आहे. पुण्याच्या भावाकडे मॅक आहे, त्याला नुसता पाहायचाय. डिस्क न पुसता काही होईल का?

प्रतिसाद १
डिस्क ठणठणीत आहे, नवी घेऊ नका. फॅट३२ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत. तिच्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिटच जागा असते. बँकेच्या स्लिपवर रकमेचे चौकोन ठरलेले असतात ना, तसं. म्हणून एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. रिकाम्या जागेचा यात काही संबंध नाही.

प्रतिसाद २
सेव्हन-झिप या प्रोग्रामने फाइलचे तुकडे करा, काम खतम.

प्रतिसाद १
तुकडे डिस्कवर जातील हो, पण टीव्ही ते जोडून थोडाच दाखवणार? आजीला कॉम्प्युटरपुढे बसवणार का?

एक्सफॅट किंवा एनटीएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिम, दोन्हींत ही अडचण नाही. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोघांनाही लिहिता-वाचता येतं, पण बऱ्याच जुन्या टीव्हींना ते कळत नाही. शिवाय त्यासाठी डिस्क पुसावी लागेल. एनटीएफएस मॅक वाचतो, त्यावर लिहीत नाही. भावाला तेवढं पुरे. आणि फॅट३२ वरून एनटीएफएस विंडोजच्या कन्व्हर्ट कमांडने आतला डेटा ठेवून करता येतं. परत फिरायचा रस्ता मात्र नाही, आणि मध्येच वीज गेली तर फोटोंचं काय होईल ते देव जाणे. आधी फोटोंची दुसरी प्रत काढा. ती तशीही हवीच होती, रागावू नका.

त्याआधी व्हिडिओवाल्याचा पेन ड्राइव्हच टीव्हीला लावून बघा. ११ जीबीची फाइल त्यावर बसली म्हणजे तो फॅट३२ नाही.

धागाकर्ता
लावला. पेन ड्राइव्ह एक्सफॅट निघाला, टीव्हीने ओळखलाच नाही. मग घरातला एक रिकामा पेन ड्राइव्ह एनटीएफएस करून तीच फाइल टाकली, ती झकास चालली. जावयांची डिस्क मागून फोटो उतरवले, तीन-साडेतीन तास गेले. कन्व्हर्टने आधी व्हॉल्यूम लेबल विचारलं, तिथे मी जरा अडकलो; डिस्कला असलेलं नावच लिहायचं असतं. पुढे सगळं सुरळीत. फोटो जागेवर, व्हिडिओही गेला.

आजी दुसऱ्यांदा बघून राहिली. ओवाळताना कॅमेऱ्यापुढे कोण आडवं आलं, त्याचा तपास चालू आहे.