अवघड काळात छोट्या गोष्टींनी खरंच धीर येतो का, की नुसती मनाची समजूत?

सिंहगडरोडची
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे. एप्रिलमध्ये बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अजून अडखळतंय. पुढच्याच महिन्यात ऑफिसात माणसं कमी केली त्यात माझा पण नंबर लागला. आई नाही, भाऊ बाहेरदेशी, पैसे पाठवतो बिचारा पण रात्री दोनला बाबांना कुशीवर वळवायला तो नसतो ना. दिवस कसेतरी ढकलतेय. त्यात सकाळी सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर सुविचार येतात, "छोट्या गोष्टींत आनंद शोधा" वगैरे, फोन भिरकावून द्यावासा वाटतो.

पण गेल्या आठवड्यात एक झालं. आमच्या वॉचमनदादांच्या मुलीचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म अडकला होता. भाग १ भरून झालेला, भाग २ मध्ये दहा कॉलेजं टाकता येतात तर हिने घाबरून एकच टाकलेलं. जिन्यात बसलो दोघी, मागचे कटऑफ बघितले, कुठे एका बसने जाता येतं ते बघितलं. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं म्हणून पहिल्या नंबरवर तिचा आणि तिच्या पप्पांचा फोनवर वादही झाला. तासाभराने उठले तेव्हा मला चक्क भूक लागली होती. कडकडून. कित्येक दिवसांत लागली नव्हती.

तर प्रश्न असा की हे खरं असतं का? की स्वतःचं निस्तरायचं सोडून मी दुसऱ्याच्या कामात तोंड लपवतेय?

नाइट ड्यूटी
ताई मी ब्रदर आहे, न्यूरो वॉर्डला. तुमच्या प्रश्नाचं बाकीचे सांगतील, मी बाबांचं बोलतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत रिकव्हरी सगळ्यात जास्त होते, तो वेळ वाया घालवू नका. घरचे लोक मायेपोटी सगळं हातात देतात, शर्टाचं बटणसुद्धा लावून देतात, आणि तो हात तसाच पडून राहतो. फिजिओ सांगतील ते करायचंच पण त्याशिवाय त्यांना घरातलं एक काम द्या, खरं काम, लहान मुलाला देतो तसं खोटं नाही. उदाहरणार्थ कपड्यांचे चिमटे. दोरी त्यांच्या छातीच्या उंचीवर बांधा, रुमाल-मोजे त्यांनीच वाळत घालायचे, उजव्या हाताने चिमटा दाबायचा, लागला तर डाव्याचा आधार. चिडतील, चिमटे फेकतील, फेकू द्या. शेंगा फोडायला पण चांगल्या, फक्त दाणे लगेच खायला देऊ नका, गिळताना ठसका लागतो का ते आधी डॉक्टरांना विचारा. माणूस दुखण्यापेक्षा "मी आता कुणाच्या कामाचा नाही" यानेच जास्त खचतो, रोज बघतो मी.

हिशोबी
सगळं छान आहे पण फॉर्म भरून हप्ता भरला जात नाही. घराचं लोन असेल तर हप्ता चुकायच्या *आधी* बँकेत जाऊन बसा, चुकल्यावर गेलात तर बोलण्याचा सूरच बदलतो. ऑफिसच्या मेडिक्लेमचं कव्हर कधी संपतंय ते बघा. धीर बिर नंतर.

पेठेतला म्हातारा
हिशोबींचं बरोबर आहे, पण "धीर नंतर" हे पटलं नाही. धीरच नसेल तर बँकेची पायरी कोण चढणार?

१२ जुलै १९६१ ला मी तिसरीत होतो. पानशेत फुटलं तो दिवस. आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. धरण फुटायचं ते फुटलंच, मागोमाग खडकवासलाही गेलं, पण रात्रीच्या ऐवजी सकाळी फुटलं, उजेडी पळता आलं म्हणून पुष्कळ जीव वाचले असं आमच्याकडे आजही बोललं जातं. पोतं टाकणाऱ्याला तेव्हा यातलं काय ठाऊक असणार.

आमचं घर उंचावर, वाचलं. मामाचं नदीकडे, गेलं. पाणी ओसरल्यावर सगळीकडे गाळ आणि गाळात भांडी. त्या काळी भांड्यांवर नावं घातलेली असत, चि. अमक्याच्या मुंजीनिमित्त, सौ. तमकीस मामांकडून. मोठ्यांनी आम्हा पोरांना काम लावून दिलं, भांडं उपसायचं, फडक्याने नावापुरतं पुसायचं आणि मोठ्याने वाचायचं. ज्याचं असेल तो पुढे यायचा. एका आजींचं घर बसलं होतं, त्यांना त्यांचं घंगाळ मिळालं तर पोचा आला म्हणून आम्हालाच झापलं! भूक, भीती, सगळं होतं हो, पण ओरडून नाव वाचताना भीती वाटत नसे. त्याला तोंड लपवणं म्हणत असाल तर म्हणा.

टेकडीवरची
काका, पोचा 😂

समुपदेशनाचं काम करते म्हणून चार ओळी. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची उपचारपद्धत आहे, डिप्रेशनमध्ये वापरतात. मूड आला की काम करू असं आपण म्हणत बसतो, यात उलटं, आधी काम, मूड मागाहून. कधी येतही नाही, तरी केलं एवढं वहीत लिहून ठेवायचं. काम मात्र अगदी बारीक हवं आणि त्याला वेळ हवी. "व्यायाम करीन" नाही, "सातला दूध आणताना बिल्डिंगला एक चक्कर जास्त" असं. आणि पळणं कसं ओळखायचं, तर तीन तास रील्स बघून कुणाला कडकडून भूक लागल्याचं मी तरी ऐकलं नाही.

एक मात्र मला खटकतं. अशा वेळी लोक लगेच थोरांचे दाखले देतात. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घालून दवाखान्यात नेलं, त्यातच त्या गेल्या. ऐकून ऊर भरून येतो, पण खचलेल्या माणसाला वाटतं आपल्याच्याने कुठलं होतंय असं काही, आणि तो आणखी खाली बसतो. त्यांच्यासमोरही त्या क्षणी एकच पोर होतं, हे कुणी सांगत नाही.

ताई, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त गेली असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर मात्र फॉर्म-चिमट्यांवर थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि आठवड्यातून एक दुपार कुणालातरी बाबांजवळ बसवून बाहेर पडा, हे औषधासारखं पाळा.

सिंहगडरोडची
सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं, वेळच मिळाला नाही. हिशोबी, बँकेत सोमवारी जाते, कागद काढून ठेवलेत. झोपेचं लिहिलंत ते वाचून १४४१६ ला फोन केला, आत्ता सविस्तर नाही लिहीत. दोरी बांधली. पहिल्या दिवशी बाबांनी चिमट्यांची टोपलीच भिरकावली, काल दोन मोजे घातले वाळत आणि नंतर मला हाताने खुणावून सांगितलं की दोरी सैल आहे. आहेच सैल, मी बांधली ना.

आता फिजिओ वॉकर घ्या म्हणतायत. नवा घ्यावा का कुणाकडे वापरलेला आहे?

धायरी फाटा
माझ्याकडे आहे, सासऱ्यांचा, माळ्यावर पडलाय. पैसे बियसे नकोत. उंची कमीजास्त होते, फक्त खालचे रबर झिजलेत, मेडिकलमध्ये मिळतात, चारही बदलून घ्या नाहीतर फरशीवर सरकतो. मेसेज करते पत्ता, संध्याकाळी सहानंतर कधीही या.