एक कोयता म्हणजे दोन माणसं
वर कुणीतरी म्हटलंय की ऊसतोडवाले लाखभर उचल आधीच घेतात मग रडगाणं कशाला. अहो ती उचल म्हणजे कर्ज आहे! नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल देतो ती कोयत्यावर, मग दिवाळीच्या आसपास घर सोडून चार-पाच महिने टनावर तोडून ती फेडायची आणि आजारी पडून खाडा झाला तर मजुरी तर बुडतेच वर दंड पण. बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ला गाजलं ना, त्यामागे पाळीमुळे खाडा होईल ही भीती पण होतीच. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, चांगलंय, पण ट्रक रात्री दोनला आला तरी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं त्यांनीच. रोजचा किराणा बऱ्याचदा वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) विकून भागतो.